चार्ल्स फोर्जेट : एक पोलीस अधिकारी आणि त्याचे 'आपण'

मुंबईच्या ताडदेव भागात फोर्जेट स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो चार्ल्स फोर्जेट १८५५ पासून १८६३-६४ पर्यंत मुंबईच्या पोलीस दलाचा प्रत्यक्ष सूत्रधार होता. १८५७ साली मुंबई 'वाचवली' ती त्याने, असे इंग्रजी इतिहासग्रंथ सांगतात. मुंबईच्या सैनिकांचा उठाव चिरडला तो त्याने, असे आपण म्हणू. घटना एकच आहे; क्रियापद बदलले की कर्त्याचे चरित्र बदलते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. परंतु फोर्जेटच्या बाबतीत केवळ क्रियापद बदलून भागत नाही, कारण त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील बराच मोठा भाग खुद्द त्यानेच सांगितलेला आहे. एका कर्तबगार पोलीस अधिकाऱ्याची ख्याती कशी घडते, ती कोण घडवते आणि त्या घडणीत भाषेच्या ज्ञानाचा वाटा काय असतो, हे तपासण्यासाठी फोर्जेटइतके सोयीचे उदाहरण मुंबईच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण. म्हणून त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले.

दुभाष्या ते पोलीस

फोर्जेट हा युरेशियन होता. त्याचे वडील मद्रासच्या जुन्या तोफखान्यात नोकरीस होते आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत जखमी झाले होते. फोर्जेटची वाढ हिंदुस्थानातच झाली. त्या काळच्या वर्णक्रमात अशा माणसाचे स्थान अवघड असे. गोऱ्यांच्या क्लबात त्याला पुरता प्रवेश नाही आणि देशी वस्तीत तो 'साहेब'. कंपनीच्या सनदी नोकरीचे मोठे दरवाजे विलायतेतून येणाऱ्यांसाठी राखलेले. मात्र अशा माणसाजवळ एक भांडवल असे, जे विलायतेहून आलेल्या तरुणाला वर्षानुवर्षे मुनशी ठेवूनही मिळवता येत नसे. ते म्हणजे लहानपणापासून कानांवर पडलेल्या देशी भाषा. फोर्जेटने हे भांडवल पुरेपूर वापरले. भूमापन खात्यात सुरुवात, मग मराठी व हिंदुस्थानीचा सरकारी भाषांतरकार, पुण्याच्या पोलिसांचा प्रमुख, सनदेबाहेरच्या नोकरवर्गातला साहाय्यक न्यायाधीश, नंतर दक्षिण मराठा मुलुखात पोलीस अधीक्षक, असा त्याचा प्रवास त्याने स्वतः नोंदवून ठेवला आहे. बेळगाव-धारवाडकडच्या दरोडेखोरांच्या टोळ्या मोडल्यामुळे त्याचे नाव वर पोहोचले आणि १८५५ साली त्याला मुंबईस आणण्यात आले.

भाषांतरकार पोलीस होतो, ही वाट आम्हांस महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण भाषांतराचा उल्लेख आदराने करतो. शाळापुस्तके, कोश, व्याकरणे यांच्यामागे भाषांतराची चळवळ होती हे खरेच आहे. परंतु त्याच काळात भाषांतराचे दुसरे एक दालन चालू होते. अर्जी, जबानी, पकडलेली पत्रे, चव्हाट्यावरच्या अफवा यांचे इंग्रजीत रूपांतर करणे हे त्याचे काम. पहिल्या दालनात मराठी बोलणाऱ्याला काही सांगायचे असे. दुसऱ्यात त्याच्याकडून काही काढून घ्यायचे असे. फोर्जेट या दुसऱ्या दालनातून वर आला.

येथे हुद्द्याविषयीही एक खुलासा करणे जरूर आहे. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी १८५६ चा तेरावा कायदा झाला आणि पोलीस आयुक्त हे पद आले. पण मुंबईत ते वरिष्ठ मॅजिस्ट्रेटकडे राहिले आणि फोर्जेट हा त्यांच्या हाताखालचा उपायुक्त होता. मुंबईच्या आयुक्तांची अधिकृत यादी सुरू होते ती फ्रँक सूटरपासून, १८६४ साली. म्हणजे ज्याला सारी मुंबई पोलिसांचा मुख्य म्हणून ओळखत होती, तो त्या यादीत नाहीच. उलट आपल्या पुस्तकात फोर्जेट स्वतःला आयुक्त म्हणवतो. या विसंगतीतून फोर्जेटविषयी बरेच कळते. अधिकार कागदावर एकाचा, व्यवहारात दुसऱ्याचा, आणि ज्याचा व्यवहारात आहे त्याच्या मनात कागदाविषयीची सल कायमची.

वेषांतर

फोर्जेटविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका वेषांतराची आहे. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (शिक्षणाच्या इतिहासात येणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नव्हेत, हे १८५३ ते १८६० या काळातले) यांनी फोर्जेटची परीक्षा पाहण्यासाठी पैज लावली, की पहारेकऱ्यांना चुकवून सरकारी निवासस्थानात शिरून दाखव. दुसऱ्या दिवशी पहाटे एक मेहतर झाडू घेऊन आत आला, पहाऱ्यांतून सहज पार झाला आणि थेट गव्हर्नरच्या शयनगृहात जाऊन उभा राहिला. तो फोर्जेट होता.

ही गोष्ट सांगणारे सगळे फोर्जेटच्या अभिनयाचे कौतुक करतात. ती नीट वाचली तर मात्र वेगळेच काही दिसते. पहारेकरी फसले, कारण मेहतराच्या तोंडाकडे पाहण्याची रीतच नव्हती. ज्याची सावली टाळायची, त्याचा चेहरा कोण न्याहाळणार? फोर्जेटने रंग फासला असेल, चाल बदलली असेल. पण खरा वेष त्याला तयार मिळाला होता, आणि तो समाजानेच शिवून ठेवला होता. जातिव्यवस्थेने ज्यांना अदृश्य केले होते त्यांच्या अदृश्यतेचा उपयोग राज्यकर्त्याच्या हेराने करून घेतला. या आख्यायिकेत सर्वांत कमी बोलले गेलेले पात्र तो मेहतर आहे, जो रोज खरोखर झाडू घेऊन त्या दारातून आत जात असेल.

वेष पालटून नगरात फिरणारा राजा आपल्या कथापरंपरेत जुना आहे. विक्रमाच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकतो. हारून अल रशीदही अरबी कथांच्या भाषांतरांतून मराठीत केव्हाच रुळला. हा राजा रात्री बाहेर पडतो तो प्रजेचे दुःख ऐकण्यासाठी. दरबारात जे पोहोचत नाही ते त्याला गल्लीत ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी न्याय होतो. फोर्जेटने हीच कथा घेतली आणि उलटी केली. १८५७ च्या उन्हाळ्यापासून तो वेष बदलून बाजारात, खाणावळींत, जमावांत फिरत असे. उत्तरेकडील उठावाविषयी कोणी आनंदाने बोलताना ऐकले की त्याला तेथल्या तेथे पकडत असे. लोक बोलायचे थांबले. शेजारचा माणूस कोण आहे याची खात्री कोणालाच देता येईना. येथेही ऐकलेल्याचा निकाल दुसऱ्या दिवशी लागे. फक्त तो बोलणाऱ्यावर लागे.

येथे रुडयार्ड किपलिंगच्या स्ट्रिकलंडची आठवण साहित्याच्या वाचकांना होईल. किपलिंगचा जन्म मुंबईचाच, १८६५ च्या डिसेंबरमधला. तेव्हा फोर्जेट मुंबई सोडून गेला होता. स्ट्रिकलंड हा किपलिंगच्या कथांतला पोलीस अधिकारी देशी वेष घेऊन देशी लोकांत मिसळतो. फोर्जेट हा त्याचा नमुना होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'एतद्देशीयांना त्यांच्याहून अधिक ओळखणारा साहेब' ही कल्पना इंग्रजी वाचकांना इतकी प्रिय का झाली, हे फोर्जेटच्या ख्यातीवरून कळते. ती कल्पना राज्यकर्त्याची मोठी भीती शमवते. ती भीती म्हणजे, हे लोक आपल्यामागे काय बोलतात ते आपल्याला कळत नाही.

१८५७ ची मुंबई

ही भीती १८५७ साली किती खरी होती हे ध्यानात घेतले पाहिजे. १८४९ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ५,६६,११९ होती. शहरात तीन देशी पलटणी होत्या. गोरे सैनिक होते सुमारे चारशे. एल्फिन्स्टनने जितके पाठवता येतील तितके गोरे सैनिक उत्तरेकडे रवाना केले होते. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला. साताऱ्यास रंगो बापूजींचा कट उघडकीस आला. ते स्वतः हाती लागले नाहीत, पण ८ सप्टेंबर रोजी सतरा जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली आणि त्यांत त्यांचा मुलगाही होता.

आणि याच मुंबईत त्याच वर्षी विद्यापीठ स्थापन झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती याच वर्षी निघाली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' याच वर्षीचे. आपल्या अभ्यासक्रमात १८५७ ची मुंबई येते ती या तीन गोष्टींमुळे, आणि तेवढ्यावरून ते वर्ष शांत प्रबोधनाचे वाटते. एस्प्लनेडचे मैदान या चित्रात येत नाही. ते आणले पाहिजे.

त्या वर्षी मोहरम ऑगस्टच्या अखेरीस आला. ब्रिगेडियर शॉर्टने बंदोबस्ताची जी आखणी केली होती तीत गोरे सैनिक व पोलीस शहरभर विखुरले जाणार होते. फोर्जेटचे मत होते की धोका शहरातल्या जमावांचा नसून पलटणींचा आहे, आणि म्हणून आपले गोरे पोलीस एकत्र ठेवले पाहिजेत. आपण हुकूम मोडणार आहोत असे त्याने गव्हर्नरला आधीच सांगून टाकले. गव्हर्नरचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे: हुकूम मोडणे ही जोखमीची गोष्ट खरी, पण तुम्ही अविचाराने काही करणार नाही असा भरवसा वाटतो, अशा आशयाचे. यात परवानगी नाही आणि मनाईही नाही. यश आले तर श्रेय सरकारचे, अपयश आले तर दोष हाताखालच्याचा. पोलीस खात्याच्या पुढील इतिहासात अशी उत्तरे किती वेळा दिली गेली असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

मोहरमच्या शेवटच्या रात्री देशी पलटणीतल्या एका ख्रिस्ती ढोलवाल्याने दारूच्या नशेत हिंदूंच्या एका मिरवणुकीतील मूर्ती पाडली. पोलिसांनी त्याला धरले; तेव्हा त्याच्याच पलटणीतील शिपायांनी चौकीवर चाल करून त्याला सोडवले आणि पोलिसांना मारहाण केली. फोर्जेट घोड्यावरून पलटणीच्या तळावर गेला. तेथे शिपाई बाहेर पडू पाहत होते आणि त्यांचे गोरे अधिकारी तलवारी उपसून त्यांना रोखत होते. तुम्ही निघून जा, तुम्हांला पाहून ते भडकतात, असे अधिकारी त्याला विनवीत होते. तो हलला नाही. थोड्याच वेळात त्याचे पन्नासेक गोरे घोडेस्वार पोलीस येऊन पोहोचले आणि रात्र टळली.

या प्रसंगात फोर्जेटचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. तो भित्रा नव्हता, आळशी नव्हता, लाचखोरही नव्हता. मुंबईच्या पोलिसांतील लाचखोरी निपटण्यासाठी त्याने जे केले त्याचा लाभ सामान्य माणसालाही झाला असेल. आमचा प्रश्न त्याच्या गुणांविषयी नाही. त्या गुणांचा हिशेब कोणत्या वहीत मांडला गेला, याविषयी आहे.

याच दिवसांत त्याने पोलीस कचेरीच्या आवारात एक फाशीचा खांब उभा केला. शहरातील ज्या प्रतिष्ठितांच्या निष्ठेविषयी त्याला शंका होती त्यांना बोलावून घेतले, खांब दाखवला, आणि हालचाल दिसली तर येथे लटकवीन असे सांगितले. खटला नाही, आरोप नाही, फक्त खांब. संशयाच्या त्या वातावरणात नाना शंकरशेटही सुटले नाहीत. ज्यांनी मुंबईत शाळा काढल्या, आगगाडी आणण्यात पुढाकार घेतला, त्यांच्यावर सरकारदरबारी किटाळ आले; चौकशीत काही निघाले नाही. निष्ठेचे प्रमाणपत्र कोणाजवळही कायमचे नसते, हे त्या वर्षी मुंबईच्या धनिकांना कळले असावे.

भिंतीतले भोक

मोहरम टळल्यावर फोर्जेटला सुगावा लागला की सोनापुराजवळ गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या बैठका होतात. सोनापूर म्हणजे स्मशान, हे मुंबईकर मराठी माणसाला सांगायला नको. फोर्जेटने गंगाप्रसादला रात्री कचेरीत आणवले आणि 'बोलते' केले. कसे केले, याविषयी प्रचलित इतिहासात तपशील नाही. क्रियापद तेवढे आहे. त्यानंतर फोर्जेट त्या घराच्या शेजारच्या खोलीत जाऊन बसला आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून बैठका पाहू-ऐकू लागला. एका रात्री त्याने मरीन बटालियनचा अधिकारी बॅरो यालाही सोबत नेले. आपलीच माणसे समोर पाहून बॅरो थक्क झाला. दिवाळीत उठायचे, शहर लुटायचे, मग पुण्याकडे कूच करून नानासाहेबांची पेशवाई जाहीर करायची, असा बेत त्या बैठकांत शिजत होता, असे फोर्जेट सांगतो.

लष्करी न्यायालय बसले. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल या दोघांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, दिवाळी अगदी तोंडावर आलेली असताना, एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिले. आणखी सहा जणांना जन्मठेपेवर समुद्रापार धाडण्यात आले. मंगलचे आडनाव हल्ली 'गाडिया' असे लिहितात. इंग्रजी ग्रंथांत ते ज्या रूपाने उतरले आहे ते पाहता मूळ शब्द 'गडरिया', म्हणजे मेंढपाळ, असावा. भाषा जाणणाऱ्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत तोफेच्या तोंडी गेलेल्या माणसाचे नाव धड लिहून ठेवलेले नाही, ही गोष्ट लहान नाही.

पुरावा म्हणून काय होते? एका भोकातून पाहिलेल्या बैठका आणि आधी 'बोलत्या' केलेल्या यजमानाची साक्ष. कट नव्हताच, असे आम्ही म्हणत नाही. कोल्हापूर-साताऱ्याच्या घटना पाहता मुंबईच्या शिपायांत असंतोष नसता तरच नवल. परंतु त्या खोलीत नेमके काय बोलले गेले, कोणी जोरात बोलले, कोणी गप्प होते, कोणी विरोध केला, नुसत्या बढाया किती आणि निर्धार किती, हे आपल्यापर्यंत पोहोचते ते फोर्जेटच्या कानांतून आणि त्याने केलेल्या इंग्रजीतून. ज्या भाषाज्ञानाने त्याला त्या भिंतीपर्यंत नेले, तेच ज्ञान आपल्या आणि त्या शिपायांच्या मधोमध भिंत होऊन उभे आहे.

कृतज्ञतेची किंमत

पुढची सहा-सात वर्षे फोर्जेटच्या वैभवाची. मुंबईत गुन्हे घटले, शिस्त आली, व्यापार बिनघोर चालला. मग अमेरिकेतील यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाची गरज पडली आणि शहरात पैशाचा पूर आला. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. फोर्जेट मुंबई सोडून गेल्यावर देशी धनिकांनी त्याला १,३०० पौंडांची थैली पाठवली. कापसाच्या व्यापाऱ्यांनी वेगळी १,५०० पौंडांची. बॅक बेची भरणी करणाऱ्या मंडळींनी त्याच्या नावे पाच शेअर ठेवले आणि ते विकून १३,५८० पौंड आले. १८६५ च्या उन्हाळ्यात हाच सट्टा कोसळला आणि असंख्य कुटुंबे रस्त्यावर आली, हे येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये.

ही लाच नव्हती. अधिकारी नोकरी सोडून गेल्यावर उघडपणे दिलेली कृतज्ञता होती. पण ती ज्या शब्दांत व्यक्त झाली ते शब्द पाहण्यासारखे आहेत. देणाऱ्यांनी त्याच्या जवळजवळ निरंकुश अशा सत्तेचा उल्लेख केला आहे आणि त्या सत्तेने देशी समाजातील स्फोटक शक्ती कायमच्या दबून गेल्यासारख्या वाटतात, असा गौरव केला आहे. 'निरंकुश' हे विशेषण स्तुतिपर वापरले गेले, आणि ते वापरणारे स्वतः देशी होते! 'देशी समाजातील स्फोटक शक्ती' असे म्हणताना ते त्या समाजातून स्वतःला अलगद बाहेर काढतात. लेखन बहुधा कोणा इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनाचे असेल. परंतु थैली त्यांची होती. ज्या शहरात फोर्जेटने प्रतिष्ठितांना फाशीचा खांब दाखवला होता, त्याच शहरातील प्रतिष्ठितांनी सात वर्षांनी खांबाची किंमत पौंडांत चुकती केली. भीतीचे रूपांतर कृतज्ञतेत व्हायला फार काळ लागत नाही. मध्ये एक तेजी आली की पुरते.

फोर्जेटने या कृतज्ञतेची परतफेडही केली. इंग्लंडात ह्यूएन्डन परगण्यात त्याने घर बांधले आणि त्याला नाव दिले 'कावसजी जहांगीर हॉल'. मुंबईतील त्या नावाची इमारत पुष्कळ नंतरची. बकिंगहॅमशायरच्या शेतांमध्ये एका पारशी शेठजींच्या नावाचे घर, आणि त्यात राहणारा हिंदुस्थानात वाढलेला, निवृत्त, साहेबांत पुरता साहेब न झालेला एक पोलीस अधिकारी. या चित्रात काही करुण आहे, हे मान्य करावे लागते.

साक्षीदार, चरित्रनायक, चरित्रकार

१८७७ साली फोर्जेटने एक पुस्तक प्रसिद्ध केले: 'अवर रिअल डेंजर इन इंडिया'. घटनेनंतर वीस वर्षांनी लिहिलेल्या या पुस्तकात त्याच्या १८५७ च्या आठवणी आहेत. मुंबई पडली असती तर हैदराबाद आणि पुणे वाचले नसते आणि मग मद्रासही गेले असते, असा त्याचा दावा आहे. म्हणजे हिंदुस्थानचा अर्धा भाग सोनापुरातल्या त्या भोकामुळे वाचला. राइस होम्सच्या १८८३ च्या इतिहासात हीच हकीकत सन्मानाने आली. पुढे १९२३ साली मुंबई शहर पोलिसांचा इतिहास लिहिला तो एस. एम. एडवर्ड्स यांनी, जे स्वतः १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांनीही फोर्जेटचे पुस्तक पायाभूत मानले. १८९० साली फोर्जेट वारला. तोवर त्याची कथा पक्की झाली होती.

ही साखळी वाचकांनी नीट पाहावी. साक्षीदार फोर्जेट, चरित्रनायक फोर्जेट, पहिला कथनकार फोर्जेट, आणि अंतिम इतिहासकार त्याच्याच खात्याचा उत्तराधिकारी. न्यायालयात अशा साक्षीवर कोणी निकाल देणार नाही. इतिहासात मात्र तो दिला गेला आणि पुढे जो तो त्यावर विसंबत आला. आपणही मुंबईच्या जुन्या गोष्टी सांगताना मेहतराच्या वेषाची आख्यायिका चवीने सांगतो.

दुसरी बाजू मराठीत का नाही? उत्तर हिंदुस्थानातील १८५७ ला विष्णुभट गोडसे मिळाले. वरसईचा एक भिक्षुक द्रव्यार्जनासाठी निघतो, बंडाळीत सापडतो आणि परतून आल्यावर पुष्कळ वर्षांनी जे पाहिले ते लिहितो. 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. त्यात ऐकीव किती, पाहिलेले किती, यावर वाद होऊ शकतो, परंतु ती वहीच वेगळी आहे. मुंबईच्या १८५७ ला असा भटजी मिळाला नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ चे, म्हणजे फोर्जेटच्या कारकिर्दीच्या अखेरीचे. पण माडगांवकरांची दृष्टी इंग्रजी अंमलाखाली वाढणाऱ्या नगराच्या नवलाईवर आणि सुव्यवस्थेवर खिळलेली. शहराच्या वैभवाचे ते वर्णन फोर्जेटच्या बंदोबस्ताच्या पायावर उभे आहे. हा दोष त्यांचा नव्हे. ज्या शहरात शेजारी कोण बसला आहे हे कळेनासे झाले होते, तेथे विरुद्ध बाजूची वही कोण ठेवणार? फोर्जेटचे खरे यश आम्हांस येथे दिसते. त्याने केवळ उठाव थांबवला नाही, त्याची आठवण लिहिली जाण्याची शक्यताही थांबवली.

सय्यद हुसेन आणि मंगल यांच्या स्मरणार्थ मुंबईच्या मोठ्या रेल्वेस्थानकासमोर, आझाद मैदानाजवळ, एक स्मारक उभारले गेले, हे चांगले झाले. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानावर झालेल्या दंगलीत त्याची नासधूस झाली. त्या दिवशी बातम्यांत 'अमर जवान स्मारक' एवढेच येत राहिले. त्याखाली कोणाची नावे आहेत हे फारच थोड्यांनी विचारले. एक मुसलमान हवालदार आणि एक हिंदू शिपाई एकाच सकाळी तोफेच्या तोंडी गेले, याची आठवण त्या दिवशी उपयोगी पडली असती.

'आपला' धोका

शेवटी पुस्तकाच्या नावाकडे येऊ. 'हिंदुस्थानातील आपला खरा धोका'. यातला 'आपला' म्हणजे कोणाचा? लिहिणारा हिंदुस्थानात वाढलेला, युरेशियन, मराठीचा भाषांतरकार. ज्यांच्या वतीने तो 'आपला' म्हणतो त्यांनी आयुष्यभर त्याला दाराशीच उभे ठेवले होते. चाळीस वर्षे सरकारची नोकरी करून, दोन माणसांना तोफेसमोर नेऊन त्याने हे सर्वनाम कमावले, असे म्हटले तर ते कठोर होईल. पण खोटे होणार नाही. थैली पाठवणारे शेठजीही त्याच सर्वनामात शिरू पाहत होते.

सर्वनामांचा हा प्रश्न जुना झालेला नाही. मराठी वृत्तपत्रांनी गेल्या काही दशकांत 'चकमकफेम' असा एक शब्द घडवला आणि तो कौतुकाने वापरला. त्या शब्दात मेलेला माणूस नाही, खटला नाही, कायदा नाही. चकमक आहे आणि कीर्ती आहे. पोलीस अधिकारी धाडसी असतात, असावेत. त्यांच्या जिवावर आपण सुखाने झोपतो, हेही खरे. परंतु एखाद्या अधिकाऱ्याच्या 'जवळजवळ निरंकुश' सत्तेचे कौतुक वाचताना, ज्यांच्यावर ती सत्ता चालली त्यांचे म्हणणे कोणत्या कागदावर आहे, हे विचारायला वाचकाने शिकले पाहिजे. हे काम इतिहासकारांचे आहे तितकेच साहित्य शिकवणाऱ्यांचेही आहे. कारण कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, आणि कोणाला बोलू दिलेले नाही, हे ओळखणे हीच आपल्या विषयाची पहिली इयत्ता.

एकोणिसाव्या शतकाचा पेपर शिकवताना १८५७ या वर्षाखाली आपण 'यमुनापर्यटन' लिहितो, विद्यापीठ लिहितो, कोश लिहितो. त्याखाली १५ ऑक्टोबर ही तारीखही लिहावी, आणि त्यापुढे फोर्जेटच्या नावाआधी सय्यद हुसेन आणि मंगल ही दोन नावे लिहावीत, अशी आमची आमच्या सहकाऱ्यांना विनंती आहे.